विवाह समुपदेशनाचा योग्य प्रकार कसा निवडावा : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

समुपदेशकाकडे जायचे असे दोघांचे एकदाचे ठरेपर्यंत बहुतेक जोडपी थकून गेलेली असतात. नेमक्या त्याच वेळी त्यांच्यापुढे विवाह समुपदेशक, कपल थेरपिस्ट, मानसशास्त्रज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ, रिलेशनशिप कोच, मध्यस्थ अशी नावांची रांग उभी राहते आणि यांतील कोण काय करतो हे कोणीच नीट सांगत नाही. आम्ही दोघे या प्रक्रियेतून गेलो आहोत. त्या अनुभवातून आणि त्या निमित्ताने केलेल्या वाचनातून जे हाती लागले, ते येथे क्रमाने मांडत आहे. माझे मत आरंभीच सांगतो : ‘चांगला समुपदेशक कोण’ हा प्रश्न महत्त्वाचा असला तरी तो पहिला नाही. आपण नेमका कोणता प्रश्न घेऊन जात आहोत हे आधी ठरवावे लागते, कारण प्रश्न बदलला की समुपदेशनाचा प्रकारही बदलतो.

## १. दोघांनी स्वतंत्रपणे प्रश्न लिहून काढा

एकमेकांशी चर्चा न करता दोघांनी एकेका कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात : सध्या सर्वांत जास्त त्रास कशाचा होतो, असा त्रास झाल्याचा अगदी अलीकडचा प्रसंग कोणता, आणि काय बदलले तर समुपदेशनाचा उपयोग झाला असे म्हणता येईल. यांतील दुसरा मुद्दा टाळू नये. ‘आमच्यात संवाद उरलेला नाही’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक जोडपे लिहिते, परंतु त्याच्या आड पैशांचे मतभेद, शरीरसंबंधांतील दुरावा, उघडकीस आलेले विवाहबाह्य संबंध, मूल हवे की नको हा वाद किंवा जोडीदाराची साधी भीती असे काहीही दडलेले असू शकते. प्रसंग लिहिला की खरा विषय आपोआप वर येतो.

दोघांचे कागद जुळले नाहीत तरी घाबरून जाऊ नये. एकाला घरकामाची वाटणी टोचत असते आणि दुसऱ्याला गेल्या वर्षीचा एखादा अपमान. ही तफावत समुपदेशकाच्या दृष्टीने अतिशय उपयोगी असते. मात्र एकाच्या कागदावर ‘नाते सुधारायचे आहे’ आणि दुसऱ्याच्या कागदावर ‘राहायचे की नाही तेच कळत नाही’ असे आले, तर थेट तिसऱ्या टप्प्याकडे लक्ष द्यावे.

## २. एकत्र बसणे सुरक्षित आहे का, हे आधी पाहा

नात्यात मारहाण, धमक्या, पैसे अडवून धरणे, फोनवर किंवा येण्याजाण्यावर पाळत किंवा शरीरसंबंधांची जबरदस्ती असेल, तर दोघांनी एकत्र समुपदेशनाला जाणे हा पहिला उपाय नव्हे. अशा नात्यात समुपदेशकासमोर उच्चारलेल्या एका खऱ्या वाक्याची किंमत घरी गेल्यावर चुकवावी लागते, आणि ज्याला भीती वाटते तो खरे बोलतच नाही. येथे पीडित व्यक्तीला स्वतंत्र साहाय्य, सुरक्षिततेची योजना आणि गरज पडल्यास कायद्याचे संरक्षण हवे. हिंसा करणाऱ्याने आपल्या वागण्यावर स्वतंत्रपणे काम करायला हवे.

जाणकार समुपदेशक सुरुवातीलाच दोघांना वेगवेगळे भेटून ‘घरी तुम्हाला भीती वाटते का’ असे स्पष्ट विचारतो. हा प्रश्न न विचारणाऱ्याविषयी सावध राहा. भीतीची गोष्ट ऐकूनही जो ‘टाळी एका हाताने वाजत नाही’ असे म्हणतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये.

व्यसन बळावलेले असेल, आत्महत्येचे विचार येत असतील किंवा गंभीर मानसिक आजारावर उपचार चालू नसतील, तर त्या व्यक्तीचे वैयक्तिक उपचार आधी किंवा निदान बरोबरीने सुरू व्हायला हवेत. दारूच्या व्यसनासाठी जोडीदाराला सामील करून घेणारी उपचारपद्धती उपलब्ध आहे, परंतु ती व्यसनमुक्तीचे प्रशिक्षण घेतलेल्या तज्ज्ञाकडूनच घ्यावी.

## ३. टिकवायचे, ठरवायचे की विभक्त व्हायचे?

हे तीन वेगळे हेतू आहेत आणि तिन्हींसाठी जागा वेगळ्या आहेत.

दोघांनाही नाते टिकवायचे असेल, तर नेहमीचे दांपत्य समुपदेशन योग्य. एकाचा पाय दाराबाहेर असेल आणि दुसरा नाते वाचवण्यासाठी धडपडत असेल, तर नेहमीच्या समुपदेशनात ओढाताणच अधिक होते, कारण जो अर्धवट बाहेर पडला आहे त्याला दर आठवड्याला गृहपाठ दिला जातो आणि तो न केल्याबद्दल दोष येतो. अशा जोडप्यांसाठी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचे विल्यम डोहर्टी यांनी डिसर्नमेंट काउन्सेलिंग नावाची पद्धत विकसित केली. तीत जास्तीत जास्त पाच सत्रे असतात, प्रत्येक सत्राचा मोठा भाग समुपदेशक दोघांशी स्वतंत्रपणे बोलतो, आणि नाते सुधारणे हे त्याचे उद्दिष्टच नसते. आहे तसे चालू ठेवायचे, वेगळे व्हायचे, की ठरावीक काळ वेगळे होण्याचा विषय बाजूला ठेवून मनापासून समुपदेशन घ्यायचे, या तीन वाटांपैकी एक निवडण्याइतकी स्पष्टता मिळवणे एवढेच त्याचे काम. या नावाची पद्धत जवळपास मिळाली नाही तरी ‘आम्हाला आधी निर्णयासाठी मोजकी सत्रे हवी आहेत’ असे सांगून समुपदेशकाशी तसे ठरवता येते.

विभक्त होण्याचे दोघांचेही ठरले असेल, तर मुलांचा ताबा, खर्च आणि मालमत्ता यांविषयी बोलणी करून देणारा मध्यस्थ हवा. मध्यस्थी हे उपचार नव्हेत. तेथे भावना ऐकल्या जातात, पण काम कराराचे असते.

## ४. पद्धतींमधील फरक एका भांडणावरून समजून घ्या

पद्धतींची वर्णने वाचली तर सगळ्याच चांगल्या वाटतात. म्हणून एकच प्रसंग घेऊ. एक जण ठरलेल्या वेळेपेक्षा दोन तास उशिरा घरी येतो, मध्ये फोन करत नाही. दार उघडताच दुसरा म्हणतो, ‘तुला कुणाची पर्वाच नाही.’ पहिला काही न बोलता आतल्या खोलीत जातो आणि दार लावून घेतो. हेच भांडण समुपदेशकापुढे आले तर काय होईल?

वर्तनाधारित पद्धतीत समुपदेशक ठोस बदलाकडे वळेल. उशीर होणार असेल तर कळवायचे, कोणी कधी कळवायचे, आणि न कळवल्यास त्याविषयी कोणत्या शब्दांत बोलायचे याचा करार होईल. एकाने बोलायचे, दुसऱ्याने ऐकलेले आपल्या शब्दांत परत सांगायचे, असा सराव समोर करून घेतला जाईल आणि घरी करायला गृहपाठ मिळेल.

एकात्मिक वर्तनाधारित पद्धत नील जेकबसन आणि अँड्र्यू ख्रिस्टेन्सन यांनी मांडली. केवळ करार करून बदल टिकत नाहीत, स्वीकारही लागतो, हा तिचा गाभा. येथे समुपदेशक विचारेल की दोघांच्या स्वभावात असा कोणता मूळ फरक आहे, की एकाला मोकळीक हवी असते आणि दुसऱ्याला खात्री. मग ते दोघे त्या भांडणाकडे ‘तुझी चूक’ म्हणून न पाहता ‘आपल्यात हे पुन्हा सुरू झाले’ अशा नजरेने, थोडे दूर उभे राहून पाहायला शिकतील.

भावनाकेंद्रित पद्धत सू जॉन्सन आणि लेस्ली ग्रीनबर्ग यांनी १९८०च्या दशकात विकसित केली. पुढे जॉन्सन यांनी तिला जिव्हाळ्याच्या बंधांविषयीच्या सिद्धांताचा पाया दिला. येथील समुपदेशक उशिराच्या वेळेवर फारसा थांबणारच नाही. तो दारातील तो एक क्षण अतिशय सावकाश उलगडेल. ‘दार उघडण्याआधीच्या अर्ध्या तासात मनात काय चालले होते?’ उत्तर बहुधा रागाचे नसते, भीतीचे असते. ‘आणि तुम्ही खोलीत गेलात तेव्हा?’ तेथे अनेकदा बेपर्वाई नसून ‘मी काहीही केले तरी कमीच पडणार’ ही शरम निघते. एक जितका पाठलाग करतो तितका दुसरा मागे सरतो, हे चक्र दोघांनाही दिसणे ही पहिली पायरी. ही पद्धत साधारणपणे ८ ते २० सत्रांची मानली जाते, जुन्या जखमा असतील तर अधिक.

गॉटमन पद्धत जॉन आणि ज्यूली गॉटमन यांची. जॉन गॉटमन यांनी अमेरिकेतील सिएटल येथील प्रयोगशाळेत जोडप्यांची संभाषणे चित्रित करून, त्यांच्या नाडीचे ठोकेसुद्धा मोजून वर्षानुवर्षे अभ्यास केला. टीका, तुच्छता, बचावाचा पवित्रा आणि मौनाची भिंत या चार सवयी नात्याला सर्वाधिक घातक असे त्यांचे प्रतिपादन आहे. आपल्या प्रसंगातील दारातले वाक्य ही टीका, आणि लावलेले दार ही भिंत. नाडी मिनिटाला १०० ठोक्यांच्या पुढे गेली की माणूस ऐकण्याच्या अवस्थेत नसतो, म्हणून किमान २० मिनिटांचा विराम घ्यायचा, पण ‘मी परत येऊन बोलतो’ असे सांगून. जोडप्यांचे सुमारे ६९ टक्के वाद कायमचे न सुटणारे असतात, असेही त्यांचे निरीक्षण आहे. ते वाचून मला निराशेपेक्षा सुटकाच वाटली.

कौटुंबिक व्यवस्थेवर आधारित पद्धती या प्रसंगाला घराच्या नकाशात ठेवतात. गप्प राहून दार लावून घेणे कोणाच्या घरी शिकले गेले, आणि हे भांडण झाले की मुलाला किंवा आईवडिलांना बाजू घ्यायला कोण ओढतो, हे पाहिले जाते. सासरमाहेरचा हस्तक्षेप हाच मुख्य विषय असेल तर हा विचार उपयोगी पडतो. उत्तरकेंद्रित पद्धत उलट दिशेने जाते : उशीर झाला तरी भांडण झाले नाही असा दिवस कोणता, आणि त्या दिवशी दोघांनी काय वेगळे केले? ती थोडक्यात आटोपते आणि मर्यादित प्रश्नांना बरी, पण खोल दुखावलेल्या जोडप्याला ती घाईची वाटू शकते.

मग निवड कशी करावी? भांडणे घरकाम, वेळ, पैसा अशा नेमक्या गोष्टींवरून असतील आणि आपुलकी शाबूत असेल, तर वर्तनाधारित किंवा गॉटमन पद्धतीपासून सुरुवात करावी. भांडणाचा विषय रोज बदलतो पण शेवट नेहमी सारखाच होतो, किंवा एकाच घरात दोन परकी माणसे राहत असल्यासारखे वाटते, तर भावनाकेंद्रित पद्धत पाहावी. तोच फरक वर्षानुवर्षे बोचत असेल आणि कोणीच बदलणार नाही हे दिसत असेल, तर एकात्मिक पद्धत.

अपेक्षा मात्र माफक ठेवा. एकात्मिक आणि पारंपरिक वर्तनाधारित पद्धतींची तुलना करण्यासाठी, दीर्घकाळ गंभीर तणावात असलेल्या १३४ जोडप्यांवर अमेरिकेत जो प्रसिद्ध अभ्यास झाला, त्यात उपचारांनंतर पाच वर्षांनी साधारण निम्म्या जोडप्यांत लक्षणीय सुधारणा टिकून होती, साधारण पाव जोडपी विभक्त झाली होती, आणि दोन पद्धतींमधील फरक तोवर फारसा उरला नव्हता. म्हणून पद्धतीच्या नावावरून महिनोन्‌महिने घोळ घालत बसण्यात अर्थ नाही. समुपदेशकाकडे एक नीट आखलेली पद्धत आहे आणि ती त्याला सांगता येते, एवढे पुरेसे आहे. ‘मी सगळ्याच पद्धती वापरतो’ या उत्तरावर मात्र पुढचा प्रश्न जरूर विचारावा.

## ५. विशेष प्रश्नांना विशेष तज्ज्ञ

शरीरसंबंधांत वेदना, इच्छेचा अभाव किंवा ताठरतेची अडचण असेल, तर आधी वैद्यकीय तपासणी करावी. मधुमेह, संप्रेरकांतील बदल आणि नैराश्यावरील काही औषधे यांमुळेही हे होते, आणि शरीराच्या कारणासाठी महिनाभर मनाचे उत्खनन करणे व्यर्थ असते. त्यानंतर लैंगिक समस्यांचे प्रशिक्षण घेतलेला तज्ज्ञ शोधावा. विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन या अमेरिकी लैंगिकता-संशोधकांनी १९७० साली मांडलेले, संभोगाची अपेक्षा बाजूला ठेवून टप्प्याटप्प्याने स्पर्शाची सवय परत आणणारे व्यायाम आजही वापरले जातात. ते घरी करायचे असतात. सत्रात कोणताही समुपदेशक तुम्हाला स्पर्श करत नाही किंवा कपडे उतरवायला सांगत नाही. तसे घडल्यास तत्काळ उठून निघावे आणि तक्रार करावी.

विवाहबाह्य संबंध उघड झाले असतील, तर आघात सावरणे, हे का घडले ते समजून घेणे आणि पुढचा निर्णय घेणे, असे तीन टप्पे पाळणारा समुपदेशक हवा. पहिल्याच सत्रात ‘झाले गेले विसरा’ म्हणणारा तिसऱ्या टप्प्यावर उडी मारत असतो.

## ६. समुपदेशकाला आधी फोन करा

वैयक्तिक उपचारांत निष्णात असलेली व्यक्ती जोडप्यासमोर गोंधळू शकते. एकाचे ऐकून घेताना दुसरा तुटणार नाही याची काळजी घेणे, पाचव्या मिनिटाला सुरू झालेले भांडण हात वर करून थांबवणे, ही स्वतंत्र कला आहे आणि तिचे स्वतंत्र प्रशिक्षण असते. म्हणून वेळ ठरवण्यापूर्वी पुढील प्रश्न विचारावेत. यात संकोच करण्याचे कारण नाही.

- तुमचे शिक्षण आणि परवाना किंवा नोंदणी कोणती? ‘कोच’ हे बिरूद अनेक ठिकाणी कोणालाही लावता येते.
- जोडप्यांसोबत काम करण्याचे वेगळे प्रशिक्षण घेतले आहे का, आणि तुमच्या कामात जोडपी किती असतात?
- आमच्यासारख्या प्रश्नात तुम्ही साधारण कसे पुढे जाता?
- एका सत्राची लांबी, शुल्क, आणि ऐनवेळी रद्द केल्यास काय?
- दोघांपैकी कोणाला तुम्ही आधीपासून वैयक्तिक उपचार देत आहात का? तसे असेल तर दुसरा समुपदेशक शोधणे इष्ट, कारण तराजू आधीच एका बाजूला झुकलेला असतो.

मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर असतात आणि औषधे देऊ शकतात. दांपत्य समुपदेशन ते करतीलच असे नाही. ओळखीच्या किंवा नात्यातील व्यक्तीला, ती कितीही पात्र असली तरी, समुपदेशक नेमू नये.

## ७. गुपितांचा नियम लेखी घ्या

हा टप्पा सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो आणि सर्वांत जास्त मनस्ताप देतो. समुपदेशक दोघांना स्वतंत्र भेटला आणि एकाने तेथे काही सांगितले, जसे चालू असलेले संबंध किंवा लपवलेले कर्ज, तर तो ते दुसऱ्यापासून लपवून ठेवणार का? काही समुपदेशक ‘मी कोणाचेही गुपित ठेवणार नाही’ असा नियम करतात. काही जण स्वतंत्र सत्रातील गोष्टी गोपनीय ठेवतात, पण समुपदेशनालाच बाधा आणणारी गोष्ट असेल तर ती स्वतः उघड करण्यास सांगतात किंवा काम थांबवतात. दोन्ही भूमिका समर्थनीय आहेत. नियमच नसणे हे समर्थनीय नाही. संमतिपत्रात हा मुद्दा नसेल तर लिहून मागावा.

त्याच बैठकीत हेही विचारावे की नोंदी कोण पाहू शकते, जिवाला धोका असल्यास गोपनीयतेला कोणता अपवाद केला जातो, आणि पुढे न्यायालयात वाद गेलाच तर समुपदेशकाची भूमिका काय राहील. सत्राचे गुपचूप ध्वनिमुद्रण कोणीही करू नये.

## ८. पहिल्या भेटीची तयारी

सोबत न्यावयाच्या गोष्टी फार नाहीत :

- पहिल्या टप्प्यात लिहिलेले दोन कागद
- चालू औषधांची आणि आजारांची यादी
- आधी समुपदेशन घेतले असल्यास कोणत्या काळात, आणि त्यात काय लागू पडले, काय नाही याची टिपणे
- नात्यातील मोठ्या घटनांची वर्षवार नोंद (विवाह, मुले, स्थलांतर, मृत्यू, नोकरी जाणे)
- ओळखपत्र आणि भरलेले संमतिपत्र

जोडीदाराच्या फोनमधील संदेशांची चित्रे पुराव्यासारखी नेऊ नयेत. समुपदेशक निवाडा करायला बसलेला नसतो. याउलट, जे सांगायला आला आहात ते सांगा. ताकाला जाऊन भांडे लपवण्याने फक्त सत्रे वाढतात.

ऑनलाइन सत्रे घ्यायची असतील, तर दोघांनी शक्यतो एकाच खोलीत एका पडद्यासमोर बसावे आणि त्या वेळेत मुले किंवा इतर कोणी ऐकणार नाही याची व्यवस्था करावी. भांडण लवकर पेटत असेल तर प्रत्यक्ष भेटच बरी, कारण पडद्यापलीकडच्या माणसाला मध्ये पडणे अवघड जाते.

## ९. पहिल्या चार सत्रांत काय घडायला हवे

अनेक पद्धतशीर समुपदेशकांचा क्रम असा असतो : पहिले सत्र एकत्र, मग प्रत्येकाचे एक स्वतंत्र, आणि चौथ्या सत्रात ‘मला तुमच्या नात्यात हे दिसते आणि आपण असे काम करू’ अशी स्पष्ट मांडणी. ही मांडणी झाली नाही तर ती मागावी. तीत तुम्हा दोघांनाही स्वतःचे चित्र ओळखू आले पाहिजे. एकालाच पटत असेल तर ते तेथेच बोलून दाखवावे.

पहिल्या काही सत्रांनंतर घरी वाद वाढल्यासारखा वाटतो. झाकलेले विषय उघडल्यामुळे असे होऊ शकते, तेवढ्यावरून सोडून देऊ नये. परंतु समुपदेशक सतत एकाचीच बाजू घेत असेल, तुमचे भांडण तासभर निमूटपणे पाहत असेल, स्वतःच्याच संसाराच्या गोष्टी सांगत असेल किंवा ‘वेगळे व्हा’, ‘जुळवून घ्या’ असे निर्णय परस्पर देत असेल, तर बदल करणे योग्य. एकाच जोडीदाराने यायचे नाकारले तर दुसऱ्याने वैयक्तिक समुपदेशन जरूर घ्यावे, मात्र तेथे अनुपस्थित जोडीदाराचे एकतर्फी चित्र तयार होण्याचा धोका असतो हे समुपदेशकाला आठवण करून द्यावे.

## १०. थांबणे किंवा समुपदेशक बदलणे

साधारण आठ-दहा सत्रांनंतर पहिले कागद पुन्हा काढून समुपदेशकासोबतच आढावा घ्यावा : तो अलीकडचा प्रसंग आज घडला तर काय वेगळे होईल? फरक दिसत असेल तर सत्रांमधील अंतर आठवड्यावरून पंधरवड्यावर, मग महिन्यावर न्यावे आणि काही महिन्यांनी एक उजळणीचे सत्र आधीच ठरवून ठेवावे. फरक नसेल तर न सांगता जाणे बंद करू नये. एक शेवटचे सत्र घेऊन कारण सांगावे. नवीन समुपदेशकाकडे जाताना दोघांच्या लेखी संमतीने जुन्याकडून कामाचा थोडक्यात आढावा मागून घेता येतो, त्यामुळे सगळी कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागत नाही.